तीन इंजिनांचा धडा

एवर्ट सग्डनला राग लवकर यायचा आणि आला की मुक्कामाला राहायचा. रॅगथॉर्पच्या हवाई तळावर हे सगळ्यांना ठाऊक होतं. मेसमध्ये तो कप आदळायला लागला की शेजारची माणसं आपापला टोस्ट उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसत. पण त्याच्या हाताखाली शिकणारी पोरं त्याला 'मास्तर' म्हणत, आणि ते काही भीतीपोटी नव्हे. हा माणूस ओरडतो तो आपल्यावर नाही, आपल्यासाठी, हे त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कळायचं.

लढाईच्या आधी तो ब्रॅडफर्डला ट्राम चालवायचा. सगळं गाव चढ-उतारांचं. तिथं नव्या ड्रायव्हरला शिकवायचं कामही त्याच्याकडेच होतं. भर उतारावर, पावसानं रूळ ओले असताना, दहा वेळा गाडी थांबवून दाखवल्याशिवाय डेपोत कुणाला एकट्याला ट्राम मिळत नसे. मग तो साहेबाचा भाचा का असेना. एवर्ट हे नेहमी सांगायचा आणि सांगताना त्याच्या मानेची शीर फुगायची. दोन पेनीच्या तिकिटावर बसलेल्या बायाबापड्यांसाठी दहा वेळा, आणि इथं सात माणसं जर्मनीवर पाठवायची तर एकदाही नाही.

चाळीस साली तो हवाई दलात गेला. तीस वेळा जर्मनीवर जाऊन परत आला. तीस फेऱ्या झाल्या की वैमानिकाला सहा महिने शिकवायला पाठवत, आणि त्याला विश्रांती म्हणत. त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात एवर्टची ही विश्रांती सुरू झाली. नव्या क्रूंना, म्हणजे सात-सात जणांच्या तुकड्यांना, इथं चार इंजिनांचं बॉम्बर चालवायला शिकवायचं आणि महिन्याभरात आघाडीच्या स्क्वाड्रनकडे धाडायचं, असं काम. विमानं मात्र त्याच स्क्वाड्रननी वापरून वापरून पार जेरीस आणलेली. नवी विमानं तिकडे, आणि तिकडे नकोशी झालेली इकडे. मुख्य मेकॅनिक टॅन्सली म्हणायचा, "ह्या इंजिनांना मी तेल कशाला देतो, पेन्शनच द्यायला हवी." त्याच्या या विनोदाला आता कुणी हसत नसे. तळामागच्या चर्चच्या आवारात ताज्या मातीचे उंचवटे वाढत चालले होते, आणि त्यातला एकही जर्मन गोळीमुळे झालेला नव्हता.

एवर्टचा जीव एका धड्यात अडकलेला होता. तीन इंजिनांवर उतरणं.

चारही इंजिनं चालू असताना, उतरता उतरता धावपट्टीवर काही आडवं आलं, तर वैमानिक वेग वाढवतो, विमान पुन्हा वर घेतो आणि चक्कर मारून येतो. हे त्याच्या हातात इतकं मुरवलेलं असतं की डोकं विचार करायच्या आत हात ते करून मोकळा होतो. पण एक इंजिन मेलेलं असताना, चाकं खाली, पंखांच्या झडपा खाली, आणि अशा वेळी हाच हात पुढे गेला तर विमान वर जात नाही. मेलेल्या इंजिनाच्या अंगावर कलंडतं आणि उलटं होतं. म्हणून तीन इंजिनांवर एकदा खाली आलात की वर जायचं नाव काढायचं नाही. समोर शेत असो, कुंपण असो, त्यातच उतरवायचं. चाकं मोडतात, माणसं जगतात. सांगायला दोन वाक्यांचा धडा. पण हाताची सवय मोडायला निदान सहा वेळा करून बघावं लागतं. एवर्टनं आपल्या स्क्वाड्रनमध्ये दोन क्रू असे जाताना पाहिले होते. सगळी जर्मनी पार करून, समुद्र ओलांडून, चहाची गाडी दिसेल इतक्या जवळ आलेले.

त्या नोव्हेंबरात त्याच्याकडे डेन्झिल पास्को नावाचा वैमानिक होता. कॉर्नवॉलच्या मच्छीमाराचा मुलगा, एकवीस वर्षांचा, बोलायला संथ आणि हाताला चांगला. त्याच्या क्रूचा हा धडा पाच वेळा ठरला आणि पाचही वेळा बोंबलला. दोनदा धुकं. एकदा तेलाची गळती. एकदा चाकाचा टायर भांडारात नाही. आणि पाचव्या वेळी आकाश निरभ्र, विमान धड, पण पेट्रोलच्या टँकरचा ड्रायव्हर जेवायला गेलेला, तो येईपर्यंत धुकं हजर. एवर्टनं त्या दिवशी त्या टँकरच्या चाकाला लाथ मारली आणि तेव्हापासून लंगडत फिरत होता.

प्रत्येक क्रूचं एक कार्ड असे. धड्यांची नावं आणि प्रत्येकासमोर शिक्षकानं पेन्सिलीनं लिहायचे दोनपैकी एक शब्द: 'पुरी' किंवा 'अपुरी'. कामगिरी झाली किंवा राहिली. एवर्टनं तीन इंजिनांसमोर 'अपुरी' लिहिलं, ठसठशीत, आणि कार्ड रिवाजाप्रमाणे क्रूच्या नॅव्हिगेटरकडे दिलं. नकाशांची पिशवी त्याच्याकडे असते, म्हणून कागदपत्रं ऑफिसात पोचवायचं कामही त्याचंच.

शनिवारी दुपारी सोमवारच्या रवानगीची यादी लागली. पास्कोचा क्रू यादीत. एवर्ट ऑफिसात गेला आणि कार्ड मागितलं. तीन इंजिनांसमोर 'पुरी' होतं. त्याच्याच अक्षरात. नुसता आधीचा 'अ' गायब, आणि तिथला कागद खरवडलेला.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती एवर्टची कुठंच थांबत नसे. दार न वाजवता तो मुख्य प्रशिक्षण अधिकारी थर्लोच्या खोलीत शिरला आणि कार्ड त्याच्या जेवणाच्या ताटाशेजारी टाकलं.

"साहेब, इथं एक 'अ' होता."

थर्लोनं कार्ड उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. चाळिशीचा, डोळ्यांखाली पिशव्या आलेला माणूस. "मी नाही खोडला," तो म्हणाला. मग काटा खाली ठेवून म्हणाला, "पण खरं सांगू सग्डन? सुचलं असतं तर मीच खोडला असता."

"लाज नाही वाटत?"

"वाटते. रोज सकाळी वाटते, दुपारपर्यंत वेळ मिळत नाही. महिन्याला पंधरा क्रू मागतात माझ्याकडे. विमानं कागदावर सतरा. आज उडाली किती? पाच."

"मग वर कळवा तसं."

"तीनदा कळवलं. उत्तर आलं की पंधरा म्हणजे पंधरा."

"पंधरा तयार क्रू, का नुसतेच क्रू?"

"ते उत्तरात लिहिलेलं नव्हतं." थर्लोनं डोळे चोळले. "तू शिकलास तेव्हा तुला तरी काय शिकवलं होतं रे? जगलास ना?"

"माझ्या वर्गात आम्ही बारा जण होतो," एवर्ट म्हणाला. "बाकीच्या अकरांना विचारून सांगतो."

थर्लोनं हळू आवाजात नियम सांगितला, जो एवर्टला पाठ होता. कार्ड सोमवारी सकाळी नऊला बंद होणार. त्याआधी एवर्टनं पुन्हा 'अपुरी' लिहिलं तर पास्को इथंच राहील. पण स्क्वाड्रनला माणसं हवीत, म्हणून त्याचे सहा जण सोमवारीच जातील, जिथं ज्याची जागा रिकामी असेल तिथं.

पास्कोची पोरं आपल्या पत्र्याच्या बराकीत शेगडीभोवती पाव भाजत बसली होती. एवर्ट आत आला तसा नॅव्हिगेटर उठून उभा राहिला. इव्हान प्रोबर्ट त्याचं नाव, वेल्समधल्या शाळेत गणित शिकवणारा, दर रविवारी चॅपलमध्ये प्रार्थनेला जाणारा. आयुष्यात खोटं बोलला नसावा असं तोंड.

"मी खोडला, मास्तर," त्यानं विचारायच्या आतच सांगितलं.

पास्को लालेलाल झाला. "काय खोडलं? इव्हान, काय खोडलंस तू?"

"तुझा 'अ'."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास."

"अरे गाढवा, मला उतरवता येत नाही म्हणून मास्तरांनी तो लिहिला होता. येत नाही मला. मारशील सगळ्यांना."

"मग जा ना साहेबाकडे, सांग जाऊन," शेपटाकडचा गनर म्हणाला. तो लिव्हरपूलच्या गोदीतला, त्याच्या जिभेला हाड नव्हतं. "सांग, मी तयार नाही. छातीवरचा वैमानिकाचा पंखांचा बिल्ला उपटतील आणि फायलीवर शिक्का मारतील, धैर्य नाही म्हणून. तुझ्या बापाला गावात तोंड दाखवता येणार नाही. आणि आम्ही सहा जण सहा विमानांत. मेलेल्यांच्या जागी. कुणी आम्हाला नावानं ओळखणारसुद्धा नाही. मास्तर, रागवा तुम्ही, पण हा मनुष्य आम्हाला आवडतो. ह्याच्याबरोबर जे होईल ते होऊ दे."

एवर्ट तिथंच एका खाटेवर बसला. थर्लोची मान धरायला गेला तर तिच्यावर पंधराचा आकडा बसलेला. प्रोबर्टची धरावी तर त्याच्यामागे सहा मित्र. आणि जो कोण वर बसून पंधरा म्हणजे पंधरा लिहीत होता, त्याची मान हातात येण्यासारखी नव्हती. एवढा राग होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. याचाच त्याला सगळ्यात जास्त राग आला.

"उद्या सकाळी साडेआठला कपडे चढवून विमानांपाशी या," तो उठत म्हणाला. "सातही जण. आणि प्रोबर्ट, ते खोडरबर इकडे दे."

रविवारी धुकं आठलाच विरलं. टॅन्सली एका विमानाच्या पंखावर बसून सिगारेट ओढत होता.

"धड आहे का?" एवर्टनं खालून विचारलं.

"हे एकच आहे. पण अकराला कुणाचं तरी नाव लागलंय."

"दहाला आणून देतो."

"दहा म्हणजे दहा, मास्तर. आणि इंजिन बंद करायचा खेळ जपून. ही थेरडी झोपली की उठतीलच असं नाही."

"दहा म्हणजे दहा," एवर्ट म्हणाला आणि शिडीला हात घातला.

पहिल्या खेपेला, एक इंजिन बंद करून, पास्को फार उंचावरून आला. अर्धी धावपट्टी संपल्यावर चाकं टेकली आणि विमान टोकाच्या बीटाच्या शेतापासून दहा पावलांवर थांबलं. एवर्ट शेजारच्या खुर्चीतून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. जमिनीवरच इंजिन पुन्हा चालू केलं, ते खोकत खोकत उठलं, आणि ते पुन्हा वर गेले. दुसऱ्या खेपेला, धावपट्टी समोर आल्यावर एवर्ट अचानक ओरडला, "ट्रक आडवा आला, आता काय?" पास्कोचा हात सरळ वेगाच्या दांड्यांवर गेला. एवर्टनं तो हात फटकन मारून बाजूला केला.

"मेलास. तू मेलास आणि ते सहा मेले. तुझा हात तोडून तुझ्याच हातात देईन. समोर काय दिसतंय?"

"बीट, मास्तर."

"मग बीटात घाल. वर नाही. बोल."

"वर नाही."

तिसऱ्या खेपेला हात दांड्यांकडे वळला, पण मध्येच थांबला. चौथ्या खेपेला एवर्ट ओरडला तेव्हा पास्कोनं दांड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याची नजर आपोआप डावीकडच्या शेताकडे गेली, कुठं उतरता येईल ते शोधत. विमान थांबल्यावर एवर्टनं खिशातून अर्धा चॉकलेटचा तुकडा काढला आणि पास्कोच्या मांडीवर टाकला. महिन्याभरात पहिल्यांदाच त्याला बरं वाटत होतं. हा पोरगा शिकला. चार वेळांत शिकला.

अजून दोन खेपा करायच्या होत्या, घड्याळात साडेनऊच वाजले होते. पण बंद केलेलं इंजिन आता उठेना. दोनदा फुरफुरलं, तिसऱ्यांदा त्यातून काळं तेल वाहायला लागलं. टॅन्सली सायकलवरून आला, झाकण उघडून आत पाहिलं आणि लोकरी टोपी काढून डोकं खाजवलं.

"गेलं," तो म्हणाला. "आठवडा तरी."

"मी रेटलं नाही हं," एवर्ट म्हणाला. "जपूनच वापरलं."

"मी कुठं काय म्हणालो?" टॅन्सलीनं झाकण बंद केलं आणि यादीवर काट मारायला निघून गेला.

एवर्टनं प्रोबर्टची पेन्सिल मागून घेतली आणि पास्कोच्या कार्डावर 'पुरी'च्या पुढे बारीक अक्षरात लिहिलं, 'चार वेळा. हात सुधारला.' खाली सही केली. त्या दिवशी दुपारी तो कित्येक दिवसांनी पोटभर जेवला.

सोमवारी सकाळी ट्रक साडेनऊला निघणार होता. एवर्ट मेसमध्ये चहा घेत बसला होता. इतक्यात ताट हातात घेऊन एक उंच, कान पुढे आलेला पोरगा त्याच्या टेबलाशी आला. बोली लँकेशरकडची.

"मास्तर, बसू का इथं? सिरिल लोमॅक्स. आमचे मास्तर रजेवर आहेत, त्यांना कावीळ झालीय."

"बस."

"आज आम्हीपण चाललोय. पास्को म्हणाला, तुमच्याशी एकदा बोलून घे." त्यानं अंड्याच्या भुकटीचं ऑम्लेट बाजूला सारलं. "ते तीन इंजिनांचं. काल चहाच्या वेळी त्यानं मला चमच्यानं दाखवलं, पण मला नीटसं उमगलं नाही."

एवर्टचा कप हवेतच राहिला. "तुला चमच्यानं का दाखवलं? तुझा धडा झाला नाही?"

"काल अकराला होता की. पण विमान बिघडलं. मग थर्लो साहेबांनी कार्डावर स्वतःच सही केली."

मेसमध्ये भांड्यांचा आवाज चालू होता. एवर्टनं कप खाली ठेवला, आणि या खेपेला अगदी हळू ठेवला. त्याला त्या पोराच्या डोळ्यांकडे बघवेना.

"ते विमान मी नेलं होतं," तो म्हणाला. "माझ्याच हातून गेलं ते."

"हो, कळलं आम्हाला."

"मग राग नाही आला तुला?"

लोमॅक्सनं खरोखरच विचार केला. "कुणाचा, मास्तर?"

एवर्टला वाटलं, टेबल उलटं करावं. थर्लोच्या खोलीच्या काचा फोडाव्यात, त्या सतरा विमानांची यादी सगळ्या वरिष्ठांच्या घशात कोंबावी. आणि त्याहून वाईट हे, की अकराचं नाव लोमॅक्सचं आहे हे ठाऊक असतं, तरी आपण विमान नेलंच असतं, हेही त्याला मनातल्या मनात कळत होतं. पास्को आपला होता. लोमॅक्स दुसऱ्याचा होता. इतकीच गोष्ट होती, आणि त्याची त्याला शिसारी आली.

त्यानं घड्याळ पाहिलं. सव्वानऊ. कार्डं नऊलाच बंद झाली होती. ताटं, कप, मिठाची बाटली, सगळं त्यानं कोपरानं ढकलून दिलं आणि टेबलावर जागा केली. सुरी आडवी ठेवली. "ही धावपट्टी." काटा हातात धरला. "हे तुझं विमान. डावीकडचं बाहेरचं इंजिन गेलं. कोणता पाय दाबशील?"

"उजवा."

"शाबास. चाकं कधी खाली?"

"धावपट्टी नक्की गाठतोय असं दिसल्यावर. आधी नाही."

"कोण म्हणतं तुला उमगलं नाही? आता ऐक. खाली आलास की पुन्हा वर जायचं नाही. काहीही झालं तरी नाही. का नाही?"

"तीन इंजिनं विमान वर उचलत नाहीत. कलंडतं."

"बरोबर. पण हे डोक्यानं सांगतोयस. मला हाताचं पाहिजे. घे हा काटा. डोळे मीट. पुन्हा."

पाच वेळा केलं त्यांनी. लोमॅक्स डोळे मिटून काटा खाली आणायचा, एवर्ट त्याच्या कानाशी वाऱ्याचा, पावसाचा, नॅव्हिगेटरचा आवाज काढायचा. आजूबाजूचे लोक टोस्ट घेऊन उठून गेले नाहीत, तसेच बघत बसले. बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. कुणीतरी दारातून हाक मारली, "लोमॅक्स, चल रे."

"एकदा शेवटचं," एवर्टनं त्याचं मनगट धरलं. "डोळे मीट. तीन इंजिनं. चाकं खाली, झडपा खाली. दोनशे फुटांवर आहेस, धावपट्टी समोर आहे. आणि ट्रक आडवा आला."

लोमॅक्सचा मोकळा उजवा हात टेबलावरून आपोआप पुढे सरकला, दांड्या ढकलल्यासारखा, आणि काट्याचं टोक वर उचललं गेलं.

त्यानं डोळे उघडले. आपल्या हाताकडे पाहिलं आणि ओशाळून हसला. "एवढं एक जमलं की झालं," तो म्हणाला. भोंगा पुन्हा वाजला. त्यानं टोपी उचलली, "आभारी आहे, मास्तर," म्हणाला आणि पळाला.

एवर्ट त्याच्यामागे बाहेर आला. ट्रक सुटला होता. मागच्या बाकांवर चौदा पोरं दाटीवाटीनं बसलेली, पास्को आणि लोमॅक्स शेजारी शेजारी. एवर्ट चिखलातून धावत सुटला. दुखरा पाय घासत, टोपी पडली तरी न थांबता.

"वर घ्यायचं नाही," तो ओरडत होता. "लोमॅक्स, ऐकतोयस का? बीटात घाल. वर नाही."

इंजिनाच्या आवाजात काही ऐकू गेलं नसावं. लोमॅक्सनं कानामागे हात धरला. मग त्याला वाटलं मास्तर निरोप द्यायला आलेत, आणि तो हसून हात हलवत राहिला.